नदी नसलेलं शहर

"अहो आजोबा, काय ठोकताय तिथे? पूल पाडायचाय का?"

सुरक्षारक्षक ओरडत पादचारी पुलाच्या पायऱ्या चढून वर आला, तेव्हा मुकादम कठड्याशी गुडघे टेकून बसले होते. डाव्या हाताचं बोट बोल्टच्या खालच्या टोकाला, उजव्या हातात घरातली छोटी हातोडी. कठड्यावर खडूच्या सात फुल्या.

"पाडायचा नाही हो, वाचवायचाय," मुकादम म्हणाले. "इथे बोट ठेवा. मी वरून मारतो. थरथरतंय ना? हा ढिला. घट्ट बसलेला बोटाला कळत नाही."

रक्षकाने बोट ठेवलं नाही. "खाली गाड्या चालल्यात. हातोडी पडली कुणाच्या डोक्यात तर माझी नोकरी जाईल. उतरा बघू आधी!"

मुकादमांनी एकतीस वर्षं हेच काम केलं होतं. मोठ्या नदीवरचा बावीस गाळ्यांचा लोखंडी रेल्वेपूल. त्यांची टोळी एका टोकाकडून ठोकत निघायची ती पलीकडच्या काठाला लागेपर्यंत वर्ष सरायचं, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. खाली पाणीच पाणी. पुलाशेजारच्या घरात जेवताना गाडी गेली की ताटं वाजायची आणि कुणी मान वर करायचं नाही.

आणि इथे? या शहरात पाऊल टाकल्यावर त्यांनी जावयाला पहिलाच प्रश्न विचारला होता, "नदी कुठल्या बाजूला?" जावई हसला होता. "बाबा, नळाला पाणी येतं तेच नशीब समजा." एक नाला होता, त्यावर बारा पावलांचा पूल. मुकादम तो एकदा चालून आले आणि परत कधी गेले नाहीत.

बायकोची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. रक्त शुद्ध करणारं यंत्र त्यांच्या गावाजवळ नव्हतं, इथे होतं. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. म्हणून लेकीच्या घरी मागच्या खोलीत चौदा महिने. हे यंत्र तिला जन्मभर लागणार, असं डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे गावी परत जायचं ते तिच्यामागेच, ती गेल्यावर. 'कधी एकदा जातो' असं मनात आलं की आपण काय मागतोय, हे मुकादमांना कळायचं. ओठावर आलेलं गिळता येतं, मनातलं कसं गिळणार? लेक म्हणायची, "आठ दिवस जाऊन या बाबा, आईला मी बघते." ते नको म्हणायचे. गावाकडच्या पुलावर पाय ठेवला तर आपण परत येणार नाही, ही त्यांची भीती होती आणि ती खोटी नव्हती.

आज बायकोला यंत्राला लावल्यावर ते वेळ काढायला म्हणून या पादचारी पुलावर आले होते. रक्षकाने खाली उतरवलं तेव्हा समोरच्या दुकानातल्या घड्याळात सव्वातीन वाजले होते. तिची यंत्रावरची पाळी एकला संपली होती!

धापा टाकत ते दवाखान्यात पोचले. लांबलचक गॅलरीत, बाकावर ती एकटी बसली होती. दंडावर पट्टी, मांडीवर रिकामा डबा.

"कुठे होतात?"

"पुलावर," ते खालमानेने म्हणाले.

"सापडले?"

"सात."

"अगंबाई! आपल्या पुलावर वर्षाला सात निघत नव्हते," ती हसली. मग शेजारची जागा थोपटत म्हणाली, "बसा. मी आज डॉक्टरीणबाईंना विचारलं. हे बंद केलं तर किती दिवस."

"काहीतरी बोलू नकोस."

"दहा-बारा म्हणाल्या. फार तर पंधरा. चला, गावी आपल्या घरी जाऊ. माझी खाट खिडकीशी टाका. मला का दिसत नाही तुमचं? रात्रंदिवस तडफडताय. आणि या सुया मलाही नकोशा झाल्यात हो."

मुकादमांना आनंद झाला. क्षणभरच, पण झाला. पहाटेची गाडी, पहिला गाळा, तोंडावर येणारा वारा, सगळं एकदम समोर उभं राहिलं. त्यांनी मान वळवली तर ती त्यांच्याच चेहऱ्याकडे बघत होती. चाळीस वर्षांच्या संसारात तिच्यापासून त्यांचं काही लपलं नव्हतं, हेही लपलं नाही.

"बघा," ती हळूच म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता.

मुकादम ताडकन उठले आणि नोंदणीच्या खिडकीशी गेले. कारकूनबाई आवराआवर करत होत्या.

"परवाची सकाळची पाळी लिहा."

"लिहिलीय बाबा. दर वेळी लिहितोच की."

"मग पुढच्या महिन्याच्या सगळ्या लिहा."

"एवढ्या आधी कशाला?"

"लिहा हो बाई!" त्यांचा आवाज चिरकला. "त्याच्या पुढच्या महिन्याच्याही."

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं, आवरलेली वही पुन्हा उघडली आणि एकेक तारीख मोठ्याने म्हणत लिहू लागल्या. प्रत्येक तारखेला मुकादम "हं" म्हणत होते. खिडकीची कड त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. बाकाकडे पाठ करून ते तसेच उभे राहिले, कारण इतक्यात तिला दाखवावा असा चेहरा त्यांच्याकडे नव्हता.