प्रतिसाद न देणारी बाई

दुबईतील जुमेरा लेक टॉवर्समधल्या त्या कार्यालयात जेवणाची सुट्टी झाली, की विभावरी कंपनीचे काम बाजूला सारून तिथल्या मराठी मंडळाचे काम उघडत असे. मोबाइलच्या तळहाताएवढ्या पडद्यावर खेळ रचणे हा तिचा व्यवसाय होता; आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी मुलांचा एक छोटा खेळ तिने मंडळाला करून द्यावा, असे कार्यवाह संजनाताईंनी सुचवले, तेव्हा तिने नाही म्हटले नव्हते. नवरा सुरेश जाऊन दोन वर्षे झाली होती. त्या काळात मंडळातल्या बायकांनी तिला डबे पुरवले, तिच्या लेकीला, ईशानीला, शाळेतून आणले; फक्त हळदीकुंकवाला तेवढे बोलावले नाही. ज्यांनी डबे पुरवले त्यांच्याशी या एका गोष्टीवरून वाद घालण्याइतके बळ तिच्यात उरले नव्हते.

खेळ साधा होता. ताट घेऊन घरोघर जायचे आणि दारातल्या बाईला बोट लावायचे. तिच्या कपाळी कुंकू उमटे, हातात वाण पडे. चौथ्या दारात विभावरीने मोकळ्या कपाळाची एक बाई काढली होती, कारण अशी बाई नसलेली वस्ती तिला खोटी वाटली. संजनाताईंनी चित्राचे कौतुक केले. बाई छान आहे, राहू दे, मात्र तिला बोट लावल्यास काही होऊ नये, मुलांना नीट रीत कळली पाहिजे, असे त्यांनी सांगितले, आणि विभावरीने ते मुकाट्याने केले.

त्या दुपारी खेळाची चाचणी घेणारा रिझवान फोन घेऊन तिच्या टेबलाशी आला.

"मॅडम, ये चौथे घरवाली आंटी को टॅप करो तो कुछ होता नहीं. बग है."

"बग नहीं है. ऐसा ही रखना है."

"इतनी छोटी स्क्रीन, उसमें जगह भी ले रही है, और टॅप भी नहीं होती? क्यों?"

विभावरीने हिंदीत कारण जुळवून पाहिले. शब्द सापडले, परंतु त्यांत कारण म्हणावे असे काही सापडेना. तिचा नवरा मेला, म्हणून. त्या 'म्हणून'च्या अलीकडे जे होते आणि पलीकडे जे होते, त्यांचा परस्परांशी कोणताही संबंध तिला दाखवता येईना. 'रहने दो' म्हणून तिने विषय संपवला.

संध्याकाळी ऊद मेथा भागातल्या शाळेच्या सभागृहात मंडळाच्या कार्यक्रमाची तालीम होती. नऊ वर्षांच्या ईशानीने भराभर तीन घरे उरकली आणि चौथ्या दाराशी न थांबता ती पुढे गेली. ती बाई राहिली, असे शेजारच्या मुलीने म्हणताच पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "स्किप हर. शी डझंट काउंट."

मुलीच्या आवाजात दुष्टपणा नव्हता, आणि विभावरीला तेच सर्वांत जड गेले. खेळाने जे शिकवले ते ती चोख शिकली होती. शिकवणारी तिची आई होती.

तिने लॅपटॉप उघडून एक लहानसा बदल केला आणि फोन संजनाताईंपुढे धरला. बोट लावताच चौथ्या बाईच्या कपाळी कुंकू उमटले.

"अगं, हे काय? सीनियर बायका केवढ्या ऑफेंड होतील," संजनाताई आवाज खाली आणून म्हणाल्या. "हे तुझ्याबद्दल नाही हं, तू पर्सनली घेऊ नकोस. नकोच ती बाई. काढूनच टाक, खलास."

"काढणार नाही, ताई. दाखवायचा तर असाच दाखवा."

"गेमच तर आहे, विभा."

"म्हणूनच. मुलं तो पुन्हा पुन्हा खेळणार."

खेळ दाखवला गेला नाही. हळदीकुंकवाला मात्र विभावरी न बोलावता गेली आणि ईशानीला घेऊन बायकांच्या ओळीत बसली. भांडण्याचे त्राण तिच्यात नव्हते. उठायचे नाही, एवढेच तिने ठरवले होते. संजनाताई कुंकवाची कोयरी घेऊन एकेका कपाळाला बोट टेकवत येत होत्या. तिच्यासमोर ते बोट अधांतरी थांबले.

"विभा, जरा मागे बसतेस का?"

"नाही, ताई. मी इथेच बरी आहे."

ईशानीने आईकडे पाहिले, मग त्या बोटाकडे. ओळीतल्या सगळ्याच बायका पाहत होत्या. संजनाताईंचे ते थांबणे आपल्याला फार खटकले, असे त्यांतल्या कित्येकींनी घरी गेल्यावर आपापल्या नवऱ्यांना सांगितले. त्या क्षणी मात्र एकीनेही तोंड उघडले नाही.