खंडेनवमीला रेंज गेली

मित्रांनो, बिद्री गावात अण्णांच्या घरी, पुढच्या सोप्यात खिडकीशेजारी जे टेबल आहे, त्यावरचा जुना संगणक तो मीच. कोल्हापुरातल्या एका दुकानात माझी जुळणी झाली आणि अण्णांच्या मुलाच्या, सौमित्रच्या अभ्यासासाठी मी या घरी आलो. तेव्हा माझं कोण कौतुक! त्याच्या आईनं, अंबूबाईंनी, मला झालर लावलेलं कापड शिवलं होतं. पुढं सौमित्र नोकरीसाठी जर्मनीला गेला आणि मला रविवारी त्याचं तोंड दाखवायचं, एवढंच काम उरलं.

यंदा त्याला मुलगी झाली. बारसं नेमकं खंडेनवमीला आलं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या एकच, सौमित्रची थोरली बहीण क्रांती. तिचा पाय प्लास्टरमध्ये. मोबाइल साधा बटणांचा, त्याची रेंजही घरात येत नाही आणि तिला बाहेर जाता येत नाही, म्हणून ती माझ्यातूनच नाव सांगणार होती. सकाळीच नवी साडी नेसून ती माझ्यासमोर येऊन बसली.

पण वायफाय काही लागेना.

शेजारचा कृष्णात आला. त्यानं मला बंद करून चालू केलं, पासवर्ड पुन्हा घातला, जोडणी पुसून नव्यानं केली. माझ्या मागची वायफायची पिन काढून फुंकली आणि दुसरीकडं खुपसली. शेवटी म्हणाला, ह्याच्यात आता काही राम नाही, भंगारात घाला. मला फार वाईट वाटलं. माझं काहीच बिघडलं नव्हतं. कारण मला ठाऊक होतं, पण 'कनेक्शन नाही' यापलीकडं मला बोलता येत नव्हतं.

खंडेनवमीला घरातली हत्यारं पूजतात. कोयते, खुरपी देवघरात मांडताना अंबूबाईंनी सोप्यातला वायफायचा डबाही लांबलचक वायरीसकट आत नेला होता. लेकाचं तोंड दाखवतो, त्याला हळदीकुंकू नको का, असं त्यांचं म्हणणं. तिथल्या प्लगला लावून त्याला तांब्याच्या भरल्या घागरीमागं बसवला. दिवे लुकलुकत होते, त्यामुळे त्याच्यावर कुणाचा संशय गेला नाही. मधल्या दगडी भिंती ओलांडून माझ्यापर्यंत मात्र काही पोचत नव्हतं.

अखेर क्रांतीच्या ध्यानात आलं. डबा बाहेर आणा, म्हणाली. अण्णा आडवे आले.

"पूजेत बसवलेलं उद्या सोनं लुटल्याबिगर हलवायचं न्हाय."

अण्णांनी त्या दिवशी ट्रॅक्टरलाही हात लावला नव्हता. क्रांतीनं पुष्कळ विनवलं. अण्णा ऐकेनात.

"मग मला आन् ह्याला देवघरात न्या की," ती म्हणाली.

मला उचललं. वायरी गुंतल्या, त्या सोडवण्यात आणखी वेळ गेला. देवघरात मात्र मी लगेच जोडला गेलो. पडद्यावर सौमित्र आला, मागं पाळणा होता.

"ताई, लई वाट बघितली गं. शेवटी इथल्या शेजारच्या वहिनींनी सांगितलं नाव."

बाळ झोपलं होतं. कॉल संपल्यावरही क्रांती माझ्यासमोरून उठली नाही.

दसऱ्याला अण्णांनी आपट्याचं पहिलं पान देवाला न ठेवता क्रांतीच्या हातात दिलं. त्यांना तिच्याकडं बघवत नव्हतं. मग त्यांनी स्वतः तो डबा बाहेर आणून माझ्याशेजारी ठेवला.

मित्रांनो, आमची पूजा करता, बरं वाटतं. पण आम्ही अडलो तर भंगारात घालायच्या आधी आमच्या अवतीभवती जरा बघत जा. आम्हाला हाक मारता येत नाही.

त्या दिवशी कॉल संपल्यावर, काळ्या पडद्याशी तोंड आणून, क्रांतीनं हळूच कुर्रर्र केलं आणि म्हणाली, "मैथिली." ते फक्त मी ऐकलं.