पोटावरचा बिब्बा

जयपूरच्या हिवाळ्यात गच्चीवरचं ऊन म्हणजे घरातली आणखी एक खोली. दुर्गापुऱ्यातल्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर रत्नप्रभाबाई आपल्या दोन महिन्यांच्या नातीला, मधूला, तेल लावत बसल्या होत्या. त्यांचा मुलगा नंदकिशोर विमा कंपनीत अधिकारी. पंचाऐंशी साली त्याची इकडे बदली झाली, आणि पहिलटकरीण सुनेच्या मदतीला बाई अकोल्याहून आल्या. त्या सकाळी घरमालकिणीची भाचीही जवळच्या कानोता गावाहून आली होती. तिच्या मांडीवरच्या मुलाचं अंगडं वर सरकलं, आणि पोटावर तापल्या लोखंडाचे डाग दिसले. काही वाळलेले, एक अजून ओला.

"पेट दुखता था, तो डाम लगवा दिया," ती सहज म्हणाली.

रत्नप्रभाबाईंनी तोंडाला पदर लावला. नातीला उचलून त्या तडक खाली आल्या.

"काय कसाई लोकं आहेत वं विभा! एवढ्याशा लेकराले चटके! कसं होत असन त्या जीवाचं!"

विभाच्या अंगावर काटा आला. पण सासूच्या पोटात एवढी माया आहे हे पाहून तिला बरंही वाटलं. ते बरं वाटणं संध्याकाळपर्यंत टिकलं.

संध्याकाळची विभाला आता धास्तीच बसली होती. ऊन भिंतीवरून उतरायला लागलं की ती पाळण्यापाशी जाऊन बसायची. दिवेलागणीला मधू रडायला लागायची ती लालबुंद होईपर्यंत. पाय पोटाशी घ्यायची, मुठी आवळायची, मध्येच तिचा श्वास अडकल्यासारखा व्हायचा आणि तेवढ्या वेळात विभाचा स्वतःचा श्वास थांबायचा. ओव्याच्या पुरचुंडीने शेकून झालं, बेंबीभोवती हिंग लावून झालं. डॉक्टरांना दाखवून झालं. ते म्हणाले, वजन चांगलं वाढतंय, दूध नीट पिते, ताप नाही, हिरवी उलटी नाही. काही बाळांना हे होतं आणि तीन-चार महिन्यांची झाली की आपोआप जातं. उभं धरा, ढेकर काढा, कुशीत घेऊन फिरवा.

"डॉक्टरले काय जाते सांगायले? तो काय येते इथं रडणं ऐकायले?" रत्नप्रभाबाई म्हणाल्या होत्या.

त्या संध्याकाळी त्यांनी आपली ट्रंक उघडली. फडक्याच्या गाठीतून दोन बिब्बे काढले, एक परत ठेवला. दाभण घेतलं. देवापुढचा दिवा स्वयंपाकघरात आणून ठेवला. विभाला कळायला वेळ लागला नाही. तिच्या माहेरी, नाशकातही, म्हाताऱ्या माणसांच्या पोटांवर ते काळे डाग तिने पाहिले होते. दाभण बिब्ब्यात खुपसायचं, तो ज्योतीवर धरायचा, आणि त्यातून उकळून येणाऱ्या काळ्या तेलाचे चटके पोटावर द्यायचे.

"आई, हे नको," ती म्हणाली. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि सासूला नाही म्हणायची तिची ही पहिलीच वेळ. "सकाळी तुम्हीच त्या बाईला कसाई म्हणालात."

"ते लोखंड होतं. हा बिब्बा आहे. औषध आहे हे!"

वाचकहो, या वाक्याला हसू नका. परक्याचं लोखंड आपल्याला दिसतं, घरातला बिब्बा दिसत नाही. तुमच्याआमच्या सगळ्यांच्या घरात अशी काही ना काही 'औषधं' आहेत.

नंदकिशोर नुकताच ऑफिसातून आला होता. त्याने बनियन वर करून पोटावरचे डाग दाखवले. "हे बघ. मी मेलो का? मतलब, तू उगाच घाबरतेस. आई काय तिचं वाईट करेल?"

"याच्या आधी रंगनाथ होता माझा," रत्नप्रभाबाईंचा आवाज एकदम खाली आला. "असाच रडे. मी आज देऊ, उद्या देऊ करत राहिली. बिब्बा दिला तवर उशीर झाला होता. आठवडाही नाही काढला लेकरानं. या पोरीले मी उशीर नाही होऊ देणार."

त्या बाई दुष्ट असत्या तर भांडणं सोपं होतं. पण त्याही तिच्याइतक्याच घाबरलेल्या होत्या, आणि एकाच लेकरासाठी.

तेवढ्यात मधू रडू लागली. रोजच्यासारखीच ती थांबेना. नंदकिशोरचा चेहरा पांढरा पडला. "विभा, बघवत नाही गं. एकदा होऊन जाऊ दे," असं म्हणून त्याने पोरीला चटईवर निजवलं आणि तिचे दोन्ही पाय धरले. अंगडं वर केलं. ते पोट हाताच्या पंजाएवढं होतं. दिव्यावर बिब्बा चरचरला, काळा धूर निघाला आणि तेलाचा थेंब दाभणाच्या टोकाशी फुगला.

विभाला नवऱ्याची भीती होती, सासूची होती, आणि सगळ्यात मोठी ही की आपलंच चुकत असेल आणि पोर खरंच हातची गेली तर? जग काय म्हणेल? तरी ती वाकली आणि तिने आपला हात पोरीच्या पोटावर आडवा घातला. बिब्बा हातावर टेकला. ती किंचाळली, पण हात काढला नाही.

"आता मला कुठंही द्या," ती म्हणाली. "तिला नाही."

नंदकिशोरने पोरीचे पाय सोडले.

दुसऱ्या दिवशी हात उतला. फोड आले, फोडांतलं पाणी जिथे लागलं तिथे नवे फोड आले, कोपरापर्यंत सूज चढली. विभाला ताप भरला. डॉक्टरांनी औषध दिलं आणि पट्टी रोज बदलायला सांगितली. पट्टी बदलत होत्या रत्नप्रभाबाई. पहिल्या दिवशी त्या पुटपुटत होत्या, मध्ये हात घालायची काय गरज होती म्हणून. मग त्यांचं पुटपुटणं बंद झालं. विभासारखी धडधाकट बाई पट्टी सुटताना ओठ चावत होती, रडत होती, हे त्या रोज पाहत होत्या.

एका संध्याकाळी कापूस त्यांच्या हातात तसाच राहिला.

"त्याचं पोट असंच झालं होतं," त्या म्हणाल्या. "असंच पिकलं होतं. तापही असाच." त्यांनी विभाकडे पाहिलं. "विभा, खरं सांग माय. माझा रंगनाथ पोटदुखीनं गेला का बिब्ब्यानं?"

नाही म्हणणं किती सोपं होतं! साठीच्या बाईच्या जिवाला तेवढाच आधार. पण अकोल्याला त्यांची लेक द्वारका बाळंतपणाला यायची होती, आणि ट्रंकेत दुसरा बिब्बा होता.

"मी काही डॉक्टर नाही, आई," ती म्हणाली. "पण मला वाटतं, बिब्ब्यानं."

रत्नप्रभाबाईंनी पट्टी पुरी बांधली, गाठ मारली. उठून ट्रंक उघडली, बिब्ब्याचं फडकं बाहेर काढलं आणि खिडकीतून मागच्या उकिरड्यावर भिरकावून दिलं.

तेवढ्यात पाळण्यात मधू रडायला लागली. विभा दचकून उठू लागली, पण बाईंनी तिला हातानेच थांबवलं. नातीला उचलून त्यांनी छातीशी उभी धरली आणि खोलीत येरझारा घालू लागल्या. पोर टाहो फोडत होती. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"रड माय, रड," त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "रंगनाथ रडायचा थांबला, तं गुण आला म्हणून मी देवापुढं साखर ठेवली होती वं."