चादरीची दोन टोकं

रुग्णालयाच्या तळघरात धुलाई विभाग होता. वर डॉक्टर, नर्स, नातेवाईक यांची वर्दळ. खाली साबणाचा वास, वाफ आणि यंत्रांची घरघर. नाना तिथे घडीच्या टेबलावर कामाला होते. काम दोघांचं. एकेका टोकाला एकेकाने उभं राहायचं, चादर झटकायची, कोपरे जुळवायचे, चालत एकमेकांजवळ यायचं आणि पुन्हा मागे सरकायचं. बघणाऱ्याला वाटावं, यात काय ते मोठं! पण समोरचा माणूस धड नसेल तर साधी चादरसुद्धा भांडायला उठते.

नाना काही जन्मतः शांत नव्हते. तरुणपणी राग त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर बसलेला असायचा. थोरल्या बहिणीने तेव्हा एकदा त्यांना समोर बसवून सांगितलं होतं, "राग आला की आधी श्वास घे, मग तोंड उघड. आणि कामाला लागण्याआधी थोडा वेळ देवाजवळ बसत जा. देव कुठे असतो, ते मला विचारू नकोस. तू बस, यायचा तो येईल."

तेव्हापासून सकाळी यंत्रं सुरू होण्याआधी नाना कपडे वाळवायच्या यंत्रामागच्या बाकावर डोळे मिटून बसत आणि मनातल्या मनात नाव घेत. बाकीचे एकमेकांना खुणावत, "नाना चार्जिंगला लागलेत बरं का, हळू बोला." नानाही डोळे न उघडता हसत. पण हेच चेष्टा करणारे दुपारी आपापलं रडगाणं घेऊन त्यांच्याकडेच येत. वॉर्डात कपडे पोचवणारा ढकलगाडीवाला आपले गुडघे घेऊन येई, इस्त्रीवाली आपली सून घेऊन येई. नाना फारसं काही सांगत नसत, ऐकून घेत. तेवढ्यानेच माणसं हलकी होऊन जात.

मग घडीच्या टेबलावर नवी बाई आली.

दोन दिवसांत तिचं नाव पडलं तडतडी. तेलात मोहरी पडावी तशी बोलायची. पंखा लागत नाही, टेबल उंच आहे, चादरी ओल्याच येतात, हा कसला चहा. चादर धरायची तीही हिसकावल्यासारखी. कोपरे जुळायचे नाहीत, घडी वाकडी व्हायची, पुन्हा उलगडावी लागायची. नाना समजुतीने म्हणायचे, "बाई, जरा सावकाश. चादर कुठे पळून जात नाहीये."

एका दुपारी हे वाक्य तिला फारच झोंबलं. तिने हातातलं टोक सोडूनच दिलं. धुतलेली चादर जमिनीवर लोळली.

"तुमचं ते गोड गोड बोलणं मला ऐकवू नका नाना. शांत राहायला काय लागतं? ज्याच्यामागे काही लागलेलं नाही, त्याने खुशाल शांत राहावं!"

आसपासचे हात थांबले. नानांनी चादर उचलली, पुन्हा धुवायच्या टोपलीत टाकली आणि दुसरी घेतली. सगळ्यांना वाटलं, केवढा हा संयम! आतून मात्र नानांचा तिळपापड झाला होता. मागे काही नाही म्हणे! हिला काय माहीत, आपण काय काय काढलंय?

तो राग त्यांनी जपून घरी नेला आणि बायकोसमोर सांडला. निमित्त भाजीतल्या मिठाचं. बायकोने शांतपणे त्यांचं ताट मागे ओढलं.

"हे बरंय. बाहेर संत आणि घरात जमदग्नी! मीठ कालच्याएवढंच आहे. कोणावर चिडलात ते सांगा आधी, मग जेवा."

नानांनी सगळं सांगितलं. बायको आपली बाजू घेईल, अशी त्यांची खात्री होती. ती म्हणाली, "म्हणजे तिच्यामागे काहीतरी लागलंय."

"असेल."

"असेल काय? तुम्ही विचारलंत का?"

इतके दिवस नाना तिच्या समोरासमोर उभे होते, शेकडो वेळा चालत तिच्याजवळ गेले होते, पण विचारलं नव्हतं. तिला सावकाश म्हणत होते ते तिच्यासाठी, की आपली शांती बिघडू नये म्हणून? इस्त्रीचा सदरा घालून मिरवावं आणि कोणाचा हात लागू देऊ नये, तशी आपण ती शांती सांभाळत होतो की काय?

"जेवा आता," बायको ताट पुढे सरकवत म्हणाली. "गार झालं तर त्याचंही खापर माझ्यावरच फुटायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना बाकावर बसले, पण मन काही थाऱ्यावर येईना. नाव घ्यावं तर मध्येच तडतडीचा चेहरा. शेवटी त्यांनी देवालाच सांगून टाकलं, आज माझ्याच्याने होत नाही, तूच बघ काय ते. आणि उठून टेबलापाशी गेले.

"बाई," ते म्हणाले, "काल मला तुमचा फार राग आला होता. घरी जाऊन बायकोवर ओरडलो. आज माझंही डोकं ठिकाणावर नाही. आपण दोघंही जरा बेतानेच घेऊ."

तडतडीने मान वर केली. ती भांडणाच्या तयारीने आली होती. हे असलं काही तिने गृहीत धरलंच नव्हतं.

"तुम्हाला राग येतो?"

"येतो म्हणजे? चांगला येतो."

ती एकदम फिसकन हसली आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. नानांनी चादर खाली ठेवली. "काय झालंय?"

"आई आहे वर," ती म्हणाली. "याच दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात. छातीचं दुखणं. घरात आम्ही दोघीच. भेटायची वेळ दुपारची, तेव्हा मी इथे. मी सुटते तेव्हा वॉर्डाचं दार बंद. नोकरी नवी, रजा कोणत्या तोंडाने मागू? माझ्या डोक्यावर ती झोपलीये नाना, आणि मला तिचं तोंड बघता येत नाही. प्रत्येक चादर हातात आली की वाटतं, ही तिच्या अंगाखाली जाईल का?"

नाना म्हणाले, "या मला आधी सांगायच्या गोष्टी. म्हणजे, मी आधी विचारायच्या."

त्या वॉर्डाला धुतलेल्या चादरी दुपारीच जात. त्या वेळी गाडी तडतडीने वर नेली तर चालेल का, असं ढकलगाडीवाल्याला विचारलं तर तो आनंदाने तयार झाला. "माझे गुडघे तिला दुवा देतील," तो म्हणाला. राहिला साहेब, म्हणजे विभागाचा सुपरवायझर. वयाने नानांच्या मुलासारखा, पण कपाळावर आठ्या आजोबांच्या. फोन सतत कानाला. नाना त्याच्या काचेच्या खोलीत गेले तेव्हाही कोणीतरी वरून त्याला झापत होतं.

त्याने फोन ठेवला आणि नानांचं पुरतं ऐकून न घेताच म्हणाला, "नाही जमायचं. गाडीचं काम गाडीवाल्याचं, घडीचं घडीवाल्यांचं. आज एकीला सोडलं की उद्या सगळे आपापल्या आया घेऊन येतील."

नानांची कानशिलं तापली. आयांबद्दल हे असं बोलणं! जिभेवर चांगलं झणझणीत उत्तर आलं होतं. त्यांनी श्वास घेतला. त्या श्वासात त्यांना समोरचा पोरगा नीट दिसला. चहाचा कप भरलेलाच, वर साय धरलेली.

"साहेब," ते म्हणाले, "ती जाईल आणि येईल, तेवढ्यात घड्या थांबणार नाहीत. मी एकटा घालतो. कमी पडल्या तर मला बोला."

"मोठ्या चादरी? एकट्याने?"

"बघा तरी."

साहेबाने हात झटकला. "बरं. आजच्या दिवस."

तडतडी गाडी घेऊन वर गेली. नानांनी चादर उचलली. एक टोक हनुवटीखाली दाबलं, दुसरं हातात धरलं, तिसरं कोपराने अडवायला गेले तर हनुवटीखालचं निसटलं. मग एक टोक टेबलाच्या कडेला दाबून बघितलं, तर चादर डोक्यावरच आली. आतून त्यांचा आवाज येत होता, "जमतंय, जमतंय!" इस्त्रीवाली पोट धरून हसायला लागली. गाडीवाला गुडघे विसरून खाली बसला.

गोंधळ ऐकून साहेब ओरडतच बाहेर आला. समोर पांढऱ्या चादरीतलं भूत चाचपडत उभं. ओरडणं त्याच्या घशातच राहिलं, आणि त्यालाही हसू फुटलं. त्या विभागात त्याला हसताना कोणी पाहिलं नव्हतं.

"नाना, सोडा, सोडा. फाडाल." त्याने पुढे होऊन दुसरं टोक धरलं.

चादर झटकली. कोपरे जुळवले. जवळ आले, मागे सरकले. पहिल्या काही चादरी साहेबाच्या वाकड्या झाल्या, मग त्याचा हात बसला. खोलीत फोन वाजून वाजून थांबला. गाडीवाला म्हणाला, "साहेब, फोन." साहेब म्हणाला, "वाजू दे. हातात चादर आहे." बराच वेळ दोघं घड्या घालत राहिले. शेवटी साहेब हळूच म्हणाला, "बरं वाटतंय हो हे."

"वाटतं खरं," नाना म्हणाले.

तडतडी परत आली तेव्हा तिचा चेहरा धुतल्यासारखा झाला होता. साहेबाला टेबलापाशी बघून ती दारातच थबकली. साहेबाने टोक तिच्या हातात दिलं. "आई कशी आहे?"

"ओरडली मला. इतके दिवस कुठे होतीस म्हणून. म्हणजे बरी आहे."

"उद्याही तुम्हीच जा," साहेब म्हणाला आणि गार चहा प्यायला निघून गेला.

त्यानंतर ती रोज दुपारी गाडी घेऊन वर जायची. कधी इस्त्रीवाली तिची जागा घ्यायची, कधी साहेब स्वतः. तडतडी अगदी काही गरीब गाय झाली नाही. पंखा आणि चहा यांचा उद्धार चालूच राहिला. पण चादर हिसकावणं थांबलं. एखाद्या सकाळी ती नानांच्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसायची. डोळे मिटायची नाही, नुसती बसायची. नानांनी तिला काही शिकवलं नाही, तिनेही विचारलं नाही.

आईला घरी सोडायचा दिवस आला तेव्हा म्हातारीने हट्ट धरला, लेक काम करते ती जागा बघितल्याशिवाय मी जाणार नाही. चाकाच्या खुर्चीतून तिला खाली आणलं. एवढीशी, पण डोळे तल्लख. सगळ्यांनी हातातलं काम सोडून तिच्याभोवती गराडा घातला. साहेबाने तिच्यासाठी चहा मागवला. तिने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "हा काय चहा आहे?"

पुढ्यातल्या ढिगावरची एक चादर तिने बोटाने उचलून बघितली. "आणि ही घडी कोणी घातली? कोपरा बघा कुठे गेलाय."

सगळ्यांनी साहेबाकडे बघितलं. साहेब लाजून हसला.

तडतडीने कपाळावर हात मारला. नाना तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "बाई, आता कळलं मला, हे कुठून आलंय ते." आणि ती इतकी मोठ्याने हसली की कोपऱ्यातल्या यंत्राचा आवाजही क्षणभर कोणाला ऐकू आला नाही.