तारेच्या पायाची खुर्ची

मी एक खुर्ची बोलतेय. प्लास्टिकची. एके काळी लालभडक होते, आता विटून गाजरासारखी झालेय. आयुष्यभर माणसांनी माझ्याकडे पाठच केली, त्यामुळे त्यांची तोंडं मला उशिरा कळतात. बूड मात्र टेकताक्षणी कळतं. कोण घाबरलाय, कोणाला उठून पळायचंय, कोणाला मूळव्याध आहे, हे मला डॉक्टरच्या आधी समजतं.

कारखान्यातल्या साच्यातून निघाले तेव्हा अंग अजून गरम होतं, आणि लगेच मला बहिणींच्या मांडीवर रचून टाकलं. मग सोलापूरच्या एका मांडववाल्यानं आम्हाला घेतलं. लग्नं झाली, बारशी झाली, दहावे झाले. माणसं सगळीकडे सारखीच बसतात, पंगत कधी बसतेय याकडे डोळा ठेवून.

माझा पाय मोडला तो एका लग्नात. सांगोल्याकडचा धनाजी, नवी पेठेत कापडाच्या गोदामावर हमाली करणारा, त्याच्या थोरल्या मुलीचं ते लग्न. नवरीचा हा बाप सकाळपासून पाहुण्यांची सोय बघत होता, म्हणजे सारखा मांडवामागं जाऊन येत होता. मंगलाष्टकं सुरू झाली, सगळे उठून उभे राहिले आणि याला उभं राहवेना. तो माझ्यावर बसला नाही, कोसळला. माझा मागचा पाय कडकन मोडला आणि धनाजी अक्षतांच्या ताटात गेला. मांडव खदखदून हसला. धाकटी सोनम तेवढी हसली नाही. तिनं आधी मला उचलून बाजूला ठेवलं, मग बापाला.

मांडववाल्यानं मला भंगारात टाकलं. तिथून मायाप्पानं उचललं. हा अक्कलकोटकडचा, जुना पट्टीचा पिणारा, आता दारू सोडलेल्यांची मीटिंग सांभाळणारा. त्यानं माझ्या पायाला तार आवळली. कुणीतरी म्हणालं, कशाला ही मोडकी? तो म्हणाला, "मोडकं टाकायचं म्हटलं, तर आमाला कोण ठिवलं असतं?"

मला दाराजवळ मांडलं. ही जागा नव्या माणसाची, दुसऱ्या कुणी बसायचं नाही. तेही बरोबरच आहे. नवा माणूस नुसता टेकतो, सगळा भार टाकत नाही.

नवी पेठेमागच्या बोळातली ही खोली एका ट्रस्टची. मंगळवारी बायकांचं भजन, गुरुवारी आमची मीटिंग. पाटी नाही. दारूचं दुकान कुठंय हे या गावात कुणीही बोट करून दाखवतं. सोडायचं ठिकाण विचारायला मात्र भल्याभल्यांची जीभ उचलत नाही.

आणि एक दिवस धनाजी आला. टेकल्या टेकल्या ओळखला मी. सोनमचं लग्न ठरलं होतं आणि तिनं सांगून ठेवलं होतं, "पिऊन येणार असला तर मांडवात येऊ नगा, आबा. कन्यादान मामा-मामी करतील." मग तिनंच फोनवर ठिकाण शोधून दिलं. वारही सांगितला होता, पण तो याच्या डोक्यात कुठला राहायला.

आला तो मंगळवारी. दोन अभंग मान खाली घालून ऐकले. मीटिंगआधीची प्रार्थना असेल, असं वाटलं त्याला. पेटी थांबली तसा उठला आणि सोनमनं शिकवल्याप्रमाणे हात जोडून म्हणाला, "माजं नाव धनाजी. मी दारुडा हाय."

भजनी मंडळाच्या गोजाबाईंनी चष्म्यावरून त्याला न्याहाळलं. "बरं मग? तुमच्या लोकांचं बेस्तरवारी असतंय, आज आमचं हाय. आता आलाच हायस तर टाळ धर की."

बिचाऱ्यानं शेवटपर्यंत टाळ धरले. हात थरथरत होते, त्यामुळे ते आपोआप वाजले. ताल विचारू नका.

गुरुवारी परत आला. पुढचे कित्येक गुरुवार तोंड उघडलं नाही. मग एकदा बोलला, माझ्या पायासकट सगळं बोलला. मध्येच एकदा पिऊनही आला आणि शिव्यांची वाट बघत बसला. मायाप्पानं त्याच्या हातात चहा दिला. "पिऊन आलास, पण आलास की. बस." तेव्हा मला भरून आलं. प्लास्टिकला भरून येत नाही म्हणतात, येतं.

लग्नाआधी धनाजी मायाप्पाला म्हणाला, "ही खुर्ची न्हेऊ का? मांडवात माज्या मागं ठिवतो. पाय लटपटले तर बसीन."

रिक्षाच्या टपावर उलटी बांधून मला नेलं. सोनमनं तार आवळलेला मोडका पाय बघितला आणि मला ओळखलं. तिनं मला सरकवून बापाच्या अगदी मागं ठेवलं.

मंगलाष्टकं सुरू झाली. मागून पिण्यातल्या जुन्या सोबत्यानं हाक मारली, "पाव्हणं, जरा मागं या की."

"न्हाय. मला हितं उभं ऱ्हायाचंय."

एका हातानं त्यानं माझी पाठ घट्ट धरली होती. त्याची थरथर माझ्या तारेपर्यंत पोचत होती. शेवटच्या मंगलाष्टकाला तो हात सुटला. मला वाटलं, आता कोसळतोय माझ्यावर. त्यानं दोन्ही हातांनी लेकीवर अक्षता टाकल्या. कन्यादानही त्यानंच केलं. त्या दिवशी माझ्यावर कुणीच बसलं नाही. खुर्चीचा याहून मोठा अपमान नसतो, आणि मला तो फार आवडला.

आता मी परत दाराजवळ आहे. धनाजी पुढं, धड खुर्चीवर बसतो, माझ्याकडे बघतसुद्धा नाही. मेला कृतघ्न. असाच राहो.

माझी तार गंजलीय. फार जड कुणी आला तर कितपत टिकेन, सांगता येत नाही. तरी या. नुसतं टेका, भार हळूहळू टाका. फक्त गुरुवारी या. मंगळवारी आलात तर गोजाबाई टाळ दिल्याशिवाय सोडणार नाहीत.