ताडपत्रीतलं भोक

नीन्केचे केस आजही कोरडेच होते. हातातला स्विमसूट मात्र ठिबकत होता.

हिस्केने सायकलचं कुलूप काढता काढता लेकीच्या टाळूला नाक लावलं. क्लोरीनचा वास नाही. हा सहावा बुधवार. अर्धा तास तलावात काढलेल्या पोरीच्या डोक्याला शाम्पूचा वास यावा? कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते तलावात नक्की नव्हतं.

"बुडी मारलीस?"

"हो."

"डोळे उघडे ठेवून?"

"हो म्हटलं ना, आई!"

त्यांच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून कालवा चार पावलांवर. नीन्के साडेसहा वर्षांची झाली तरी तिला पोहता येईना, म्हणून ते दार कुलपात आणि किल्ली हिस्केच्या खिशात. गेल्या वर्षी मावसभावाच्या पोहण्याच्या परीक्षेत पोरीने पाण्याखाली टांगलेली निळी ताडपत्री पाहिली. तिच्या मधोमध भोक, त्यातून पोहून गेल्याशिवाय पहिलं प्रमाणपत्र नाही. त्या दिवसापासून नीन्के आंघोळीतही तोंडावर पाणी घेईना.

पोहायला शिकवणारे त्यालिंग मास्तर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "पायरी पायरीने जाऊ. तुम्ही फक्त रोज विचारत बसू नका." का विचारायचं नाही? शिवाय पालकांनी तलाव बघायच्या काचेवर कायम पडदा.

सातव्या बुधवारी तिने तलावाच्या उपाहारगृहात कॉफी देणाऱ्या बौक्येजवळ मन मोकळं केलं.

"माझी तिन्ही पोरं त्यांच्याच हाताखाली शिकली," बौक्ये म्हणाली.

"तुझी पोरं म्हणजे बदकं गं. माझ्या पोरीला तो मास्तर नुसता बाकावर बसवत असेल. नाहीतर धाक घालून गप्प केलं असेल."

"मग जा आणि बघ. इथे बसून माझी कॉफी नासवू नकोस."

हिस्के उठलीच. बूट काढले, कपडे बदलायच्या खोलीतून अनवाणी गेली आणि आतलं दार ढकललं.

ताडपत्री पाण्यात नव्हतीच. कोरड्या फरशीवर दोन बाकांच्या मध्ये उभी ताणली होती. गाल फुगवून, डोळे गच्च मिटून नीन्के भोकातून रांगत होती. मास्तर उकिडवे बसून मोजत होते, "तीन... चार..."

"सात आठवडे!" हिस्केचा आवाज छताला लागला. "फरशीवर पोहायला शिकवताय?"

"आधी फरशीवर. मग उथळ पाण्यात," मास्तर न उठताच म्हणाले. "आज उथळ पाण्यात जाणार होतो."

"आणि स्विमसूट ओला कोण करतं? मला गंडवायला?"

मास्तर गोंधळले. त्यांनी नीन्केकडे पाहिलं. नीन्के आपल्या पायांच्या बोटांकडे बघत होती.

"मीच," ती म्हणाली. "नळाखाली धरते. ओला असला की तू लवकर थांबतेस विचारायची."

साडेसहा वर्षांच्या पोरीने इतकं मोजूनमापून खोटं बोलावं! आणि कुणापासून वाचायला?

"आज राहू दे का, नीन्के?" मास्तरांनी विचारलं. "तू सांगशील तसं."

"जायचंय. पण आईने बाहेर थांबायचं."

हिस्के बाहेर आली. दार लागलं. मास्तरांवर तिचा विश्वास बसला होता असं नाही. एवढ्या संथपणे कुणी शिकतं का, हा किडा डोक्यात वळवळतच होता. तिने दाराला कान लावला.

बराच वेळ काही नाही. मग छपकन आवाज. मग शांतता, जरा जास्तच लांबलेली. हिस्केचा हात दाराच्या मुठीवर गेला. आत जोरात ठसका लागला, पाठोपाठ रडणं. नाकात पाणी गेलं असणार.

"बस झालं का?" मास्तरांचा आवाज.

हुंदके. नाक ओढल्याचा आवाज. मग नीन्के, रागावलेली, "बस नाही! एकदा परत फरशीवरून. मग पाण्यात."

ओली पावलं फरशीवर चटचट वाजत गेली. मास्तर पुन्हा मोजू लागले.

हिस्केने दाराची मूठ सोडली नाही. पण दाबलीही नाही.