खोकणारा बोकूड

रंगूबाईची काळी शेळी सकाळपासनं ओरडून परडं डोक्यावर घेत होती. माजावर आलेली. आणि दारात नानासो बोकूड घेऊन उभा. साऱ्या वाडीत बोकूड एकच, त्याचा. शेळ्या फळवायला तोच दारोदार फिरायचा. रंगूबाई शेळी सोडायला वाकली आणि बोकूड खोकला. मान लांब करून, कोरडा, नाकातनं शेंबूड गाळत.

तिचा हात थांबला. नानासोनं वडूजच्या बाजारातनं स्वस्तातली एक शेळी आणली होती. ती खोकून खोकून मेली आणि त्यानं गुपचूप ओढ्याला पुरली, हे तिच्या कानावर आलं होतं.

तिचा नवरा केरबा पलटणीबरोबर आफ्रिकेत राहून आला होता. फुफ्फुसाच्या रोगानं तिकडं गाईंचे कळपच्या कळप मरतात, म्हणून खोकणारं जनावर लांब बांधायचं, त्याचं पाणी वेगळं ठेवायचं, असं तो जेवताना सांगायचा. पुरं झाली तुमची आफ्रिका, म्हणून ती त्याला गप्प करायची. आज तेच आठवून तिचं डोकंच फिरलं.

"धूळ गेली असंल नाकात, वैनी," नानासो म्हणाला.

"बोकूड घरला न्या, भावजी. कुनाच्या दारात न्हिऊ नगा. डाक्टरला दावा."

गावाला उगं भ्या घालू नका म्हणत तो सरळ शेजारच्या दारात गेला. रंगूबाई त्याच्या मागनं दारोदार बोंबलत फिरली. लोक हसले. हवालदारीण झाली म्हणाले.

मग शेरडं बांधायच्या सपरासपरातनं खोकला सुरू झाला. केरबानं डॉक्टर आणला, सुया टोचल्या, थोडी शेरडं वाचली. बाकीची ओढ्याला गेली, नानासोचा बोकूडसुद्धा. रंगूबाईनं आपली शेरडं परड्याबाहेर सोडलीच नव्हती, ती धडधाकट राहिली. तर बायका म्हणू लागल्या, हिनंच करणी केली. ती संतापानं रडली.

दिवाळी सरल्यावर नानासो तिच्याकडं वाढतं बोकूड-करडू मागायला आला. वाडीत दुसरं नव्हतंच.

"देते. आदी पारावर चला, समद्यांम्होरं खरं बोला."

पारावर माणसं बसली होती. रंगूबाई करडाचा दोर धरून उभी राहिली. नानासोनं मान खाली घातली.

"बोकूड खोकत हुता," तो म्हणाला. "मला ठावं हुतं."

कुणी हसलं नाही.

"येवढंच बोलायचं हुतं तवा," रंगूबाई म्हणाली. तिनं दोर त्याच्या हातात दिला नाही. करडू घेऊन ती घराकडं वळली. "आदी तुमचं सपार झाडून चुना मारा, रोग ऱ्हाया नगं. मी बगून जाईन, मग न्या."